घंटी जरा लवकर वाजली

प्रिय चिमणे,

तुझे दादा आज दुपारी तुझं उरलेलं सामान न्यायला येणार आहेत असं ऑफिसातून कळलं, म्हणून सकाळपासून तुझ्या खोलीत ठाण मांडून बसले आहे. फोन तू उचलत नाहीस. दादा उचलतात आणि दर वेळी ‘ती झोपलीय’ म्हणतात. बाई गं, एवढी झोप तुला अख्ख्या नोकरीत मिळाली नव्हती. खोटं बोलताना त्यांचा आवाज अगदी तुझ्यासारखा बारीक होतो, त्यामुळे मला कळतं की तू शेजारीच बसून हातानं नाही-नाही करते आहेस. तेव्हा आता हे पत्र. ते दादांच्या हातात देणार आहे आणि तुझ्याशिवाय कोणाच्याही हाती पडता कामा नये म्हणून दम देणार आहे. माझा दम तुला माहीत आहे. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण वाचून फाड.

खोली तू सोडून गेलीस तशीच आहे. खिडकीतल्या कुंड्यांना मी रोज पाणी घालते. त्यातली एक गेली, माझ्या पाण्यानं की स्वतःच्या मर्जीनं, कोण जाणे. तुझा बटणांचा डबा टेबलावर आहे. काल पहिल्या वर्षाची एक मुलगी शर्टाचं बटण तुटलं म्हणून आली आणि मला पाहून दारातच थबकली. तिला म्हटलं, ये, मला शिवता येत नाही पण डबा इथंच आहे. तर म्हणाली, राहू दे, बाई आल्या की येईन. हॉस्टेलवर रेक्टर म्हणून तुझ्या जागी सध्या खेळाच्या बाईंना बसवलंय. त्या दिवे मालवायच्या वेळी शिट्टी फुंकतात. मुली वैतागल्यात, पण हसायलाही कोणाला सुचत नाही.

मुद्द्यावर येते, नाहीतर मी कुंड्यांवरच चार पानं लिहीन. परवा चौकशी समितीची शेवटची बैठक आहे. त्या मुलीनं समितीसमोर यायला साफ नकार दिलाय. तक्रार सांगणारं कोणी नाही, म्हणून परवा प्रकरण बंद करतील. बंद झालं की नाटकमंडळाचा सेक्रेटरी, तो सगळ्यांचा लाडका, पुन्हा सभागृहाच्या किल्ल्या खिशात घालून फिरायला लागेल आणि ती मुलगी कॉलेज सोडेल. तिच्या मावशीनं तिचा दाखला मागितलासुद्धा. चिमणे, मी हात टेकलेत. दिसेल त्याच्या पाया पडून झालं. आता तू उरलीस.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी मी पहिल्यापासून लिहिणार आहे. एक तर माझं डोकं ठिकाणावर नाही आणि लिहिल्याशिवाय ते येणार नाही. दुसरं म्हणजे त्या दिवशी तुझी पाठ सभागृहाकडे होती. तुला अर्धंच दिसलं. उरलेलं अर्धं मी पाहिलंय.

कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायची जबाबदारी माझ्यावर आली तेव्हा तू किती हसली होतीस, आठवतं? मुलांनी मारामारी केली, चोरी केली, कोणी कोणाला छळलं, कोणी नशेत आलं, तर शिपायापासून विभागप्रमुखापर्यंत प्रत्येकानं काय करायचं, काय बोलायचं, हे मी शिकवायचं. म्हणाली होतीस, तुझ्यासारख्या तोफेला हळू बोलायचा वर्ग घ्यायला सांगितलाय. खरंच होतं ते. पण मानसशास्त्र शिकवणारी मी एकटी, त्यामुळे गळ्यात पडलं. पुस्तकी भाषणं करून बघितली, तर लोक खिडकीबाहेर बघत बसायचे. मग मी प्रसंग करून घ्यायचं ठरवलं. स्टेजवर दोन खुर्च्या, एकीवर कर्मचारी, दुसरीवर विद्यार्थी झालेला नट. नट म्हणून नाटकमंडळातली मुलं. ती सगळी जुळवाजुळव त्या सेक्रेटरीनं केली. मी काही मागायच्या आत तो हजर असायचा. माझी पिशवीसुद्धा तोच उचलायचा. किती गुणी पोरगा, असं मी तुला इथंच, याच पलंगावर बसून सांगितलंय.

पहिले प्रसंग म्हणजे निव्वळ धमाल होती. गेटवरच्या वॉचमनला सांगितलं, अनोळखी माणूस आत घुसला तर आवाज न चढवता त्याला थोपवायचं. तर त्यानं आवाज न चढवता त्याला खुर्ची दिली आणि प्राचार्यांच्या घराचा पत्ता सांगितला. आग लागल्याची तालीम केली तेव्हा हिशेबनीस भाऊसाहेब कपाटाला कुलूप लावत बसले आणि शेवटी स्वतःच ऑफिसात कोंडले गेले. आणि तू! तू तर सगळ्यांत नापास. नशेत आलेल्या मुलाचं काम करणाऱ्याला तू आधी केस कापायला सांगितलंस, मग आईची आठवण करून दिलीस, मग अभ्यासाबद्दल जे काही ऐकवलंस त्यानं तो बिचारा नट खरोखर रडला. लोक लाजत होते, एकमेकांना हसत होते, म्हणून मी नियम केला की प्रसंग कसाही होवो, संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. आणि संपला हे कळावं म्हणून टेबलावर ती घंटी ठेवली. वर टिचकी मारली की टिंग.

पुढं तूच सगळ्यांत चांगली झालीस. मी कधी तुझ्या तोंडावर कौतुक केलं नाही, आता करते. मी शिकवत होते ते चार नियम सगळ्यांना पाठ झाले होते, पण तुझ्या अंगात मुरले. समोर टेबल ठेवायचं नाही. ‘तू तिथं गेलीसच का’ असं विचारायचं नाही. मुलगी बोलायची थांबली तर आपण लगेच बोलायचं नाही. आणि शेवटी, काहीही ठरवण्याआधी, तिलाच विचारायचं, ‘मी आता काय करू? तुला काय हवंय?’ तू हे असं विचारायचीस की खाली बसलेल्या मलाही वाटायचं, उठून आपलं काहीतरी सांगून टाकावं.

आणि तो दिवस. बाहेरगावचे पाहुणे आपलं प्रशिक्षण बघायला आलेले, त्यामुळे मी नवी साडी नेसून मिरवत होते. शेवटचा प्रसंग तुझा. पर्स चोरीला गेल्याची तक्रार घेऊन एक मुलगी रेक्टरकडे येते, एवढाच साधा. ती मुलगी आली. नाटकमंडळातली, कायम मागं उभी राहणारी, पडद्याच्या दोऱ्या ओढणारी. तिनं बसण्याआधी खुर्ची ओढून दाराकडं तोंड करून ठेवली. मी पाहुण्यांच्या कानात म्हटलं, बघा, किती बारकाईनं काम करतात मुलं. मग ती बोलायला लागली, इतकं हळू की पहिल्या रांगेतही ऐकू येईना. मी आपली सवयीनं ओरडले, जरा मोठ्यानं! तू मागं न बघता हात वर करून मला गप्प केलंस. हे तुला आठवत असेल. तुला न दिसलेलं सांगते. अख्खं सभागृह पुढं झुकलं होतं. कोणाला शब्द कळत नव्हता, पण तुझी पाठ दिसत होती. ती पाठ हळूहळू ताठ होत गेली, मग तू खुर्ची किंचित मागं घेतलीस, तिला जागा दिलीस. भाऊसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. आम्ही सगळे तुझं ऐकणं बघत होतो, गं. तिचं ऐकत कोणीच नव्हतं.

सेक्रेटरी दिव्यांच्या बटणांपाशी उभा होता. तो पुढं झुकला नव्हता.

मग तू विचारलंस. ते मात्र मला ऐकू आलं, कारण सभागृह तेवढं शांत होतं. ‘मी आता काय करू? तुला काय हवंय?’ तिनं तोंड उघडलं. आणि मी टिचकी मारली. पाहुण्यांची गाडी खोळंबली होती, चहा गार होत होता, प्रसंग छान झाला होता, अजून काय हवं होतं मला? टिंग. आणि टाळ्या. लोक उभे राहिले. तो सेक्रेटरीही टाळ्या वाजवत होता, सगळ्यांच्या जरा मागून. ती मुलगी उठली नाही. अभिनय करत असती तर तिनं वाकून नमस्कार केला असता. ती तुझ्याकडं बघत बसली, मग टाळ्या वाजवणाऱ्यांकडं बघितलं आणि बाजूच्या पायऱ्यांनी उतरून गेली.

जिन्यात तू माझा दंड धरलास. म्हणालीस, अगं, ती पोरगी खरं बोलत होती. मी म्हणाले, खरं वाटावं म्हणून तर नाटकातली मुलं आणलीत. तू पुन्हा काहीतरी सांगायला लागलीस आणि मी पाहुण्यांना निरोप द्यायला पळाले. तिनं तुला काय सांगितलं ते मला आजही माहीत नाही. तू सांगायला आली होतीस आणि मला वेळ नव्हता.

नंतरचं तुझ्या डोळ्यांदेखत झालं. ती वर्गात यायची बंद झाली. मग तिच्या खोलीतली मैत्रीण आपल्या दोघींसमोर उभी राहिली आणि अगदी साधेपणानं विचारलं, तिनं सगळं सांगून इतके दिवस झाले, कॉलेज काय करणार आहे? नाटकाच्या कपड्यांच्या खोलीबद्दल, आतून लावून घेतलेल्या दाराबद्दल, त्या सेक्रेटरीबद्दल जेवढं त्या मैत्रिणीला ठाऊक होतं तेवढं तिनं सांगितलं. पुरतं तिलाही ठाऊक नव्हतं. आणि तू किल्ल्यांचा जुडगा प्राचार्यांच्या टेबलावर ठेवलास आणि चालती झालीस. तुझ्या पाठीमागं लोक काय काय बोलतायत ते लिहीत नाही. आजारी आहे, असं प्राचार्य सांगतात. तू आजारी नाहीस हे मला माहीत आहे. तुला वाटतं, ‘मला कळलं होतं आणि तरी मी गप्प बसले.’ मलाही तेच वाटतं, तुझ्याबद्दल नाही, माझ्याबद्दल. तू निदान जिन्यात थांबली होतीस.

समितीचं काय झालं ते तुझ्या कानावर आलं नसेल. मलाही तिथं बोलावलं होतं. सेक्रेटरी चांगले कपडे करून आला आणि हात जोडून मला म्हणाला, मॅडम, तो प्रसंग मीच बसवला होता. पर्स चोरीचा प्रसंग फिका वाटला म्हणून मी तिला दुसरा दिला, आणि तिनं तो इतका उत्तम केला की अख्ख्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या. तुम्हीही होतात ना? मी होते. आमच्या टाळ्याच त्यानं साक्षीला आणल्या. पाहुण्यांनी तर त्या प्रसंगाचं कौतुक करणारं पत्रही पाठवलंय, प्राचार्यांनी ते फलकावर लावलंय. मी जाऊन ते फाडून काढलं तर मलाच ताकीद मिळाली. आपलीच मुलं आहेत, मिटवून टाकू, असं प्राचार्यांचं चाललंय. समितीच्या अध्यक्षबाई सरळ आहेत, पण त्यांचेही हात बांधलेत. त्या मला म्हणाल्या, मुलगी येत नाही, मैत्रिणीला ऐकीव माहिती आहे, मी कशाच्या जोरावर बोलू?

तेव्हा मला माझाच धडा आठवला. आपण शिकवतो ना, की जिला पहिल्यांदा विश्वासानं सांगितलं तिनं ऐकलेलं तसंच्या तसं मांडायचं, म्हणजे मुलीला दहा जणांसमोर दहादा तेच बोलावं लागत नाही. मी अध्यक्षबाईंना विचारलं, हे चालेल का? त्या म्हणाल्या, चालेल, पण ती ऐकणारी बाई कुठाय? मी काय सांगू त्यांना? झोपलीय म्हणून?

मी तुझ्यापासून काही लपवणार नाही. तू आलीस तर तुला सोपं जाणार नाही. पहिलाच प्रश्न येईल, की बाई, खरं आहे हे तुम्हाला कशावरून वाटलं? आणि लगेच दुसरा, की वाटलं होतं तर मग टाळ्या का घेतल्या, दुसऱ्या दिवशी तिच्या खोलीत का गेला नाहीत? ती खरं बोलत होती हे पटवायचं तर तुला ते तेव्हाच कळलं होतं हे कबूल करावं लागेल, त्या सेक्रेटरीच्या तोंडावर, प्राचार्यांच्या समोर. मी शेजारी बसेन. जिन्यातलं मी सांगेन, घंटीचंही सांगेन. पण तिचे शब्द माझ्याकडं नाहीत, चिमणे. ते जगात फक्त तुझ्याकडं आहेत. तुझं पाठांतर मला ठाऊक आहे, तू मुलींच्या घरचे निरोप वर्षानुवर्षं जसेच्या तसे पोचवलेस.

मी रात्रंदिवस देव आठवतेय म्हटलं तर तू हसशील, पण खरंच आठवतेय. माझं जेवण सुटलंय, तोफेचा आवाज बसलाय. वर्गात उभी राहते आणि पोरं माझ्याकडं बघतात तेव्हा वाटतं, यातली कोणती खरं सांगत असेल आणि मी तिला शाबासकी देत असेन. ती घंटी मी कपाटात टाकली, तरी कुठं चमचा कपावर आपटला की दचकते.

काल मी तिच्या मावशीच्या घरी गेले. हे कोणाला सांगितलेलं नाही. नियमात बसत नाही, मीच शिकवते की असं परस्पर जायचं नसतं. पण राहवेना. मावशीनं फाटकातच अडवलं आणि तोंडाला येईल ते बोलली. मी ऐकून घेतलं, सगळं बरोबर होतं. परत निघाले तर मागून चपलांचा आवाज. ती आली होती. खूप वाळली आहे गं. फाटकाच्या आतच उभी राहिली, उघडलं नाही. मी माफी मागायला लागले तर तिनं हात वर केला, अगदी तू मला केला होतास तसा, आणि मी गप्प झाले. म्हणाली, मी समितीसमोर येणार नाही. मला एकदा सांगायचं होतं, ते मी सांगितलंय. तुमच्या त्या खुर्चीत बसल्यावर कोणीतरी ऐकतं हे मी मागं उभी राहून रोज बघायचे, म्हणून तिथं सांगितलं. मग म्हणाली, रेक्टरबाईंनी मला एक विचारलं होतं आणि मला उत्तर देता आलं नाही, तेवढं त्यांना पोचवाल? तेवढ्यासाठी हे पत्र, चिमणे. बाकी सगळं मी भीतीनं लिहिलंय, की उत्तर आधीच लिहिलं तर तू पुढं वाचणार नाहीस. तू विचारलं होतंस, मी आता काय करू, तुला काय हवंय. ती म्हणाली, ‘बाईंना सांगा, मी जे बोलले ते त्यांनी बोलावं. त्यांना सगळं आठवत असेल.’ दादांची गाडी खाली आल्याचा आवाज आला. तुझं सामान मी त्यांना देत नाहीये, फक्त हे पत्र देतेय. बैठक परवा सकाळी आहे. तुझ्या खोलीची किल्ली माझ्याकडं आहे आणि मी दारातच बसून राहणार आहे.

तुझीच,
तोफ